रिंदोची पाठ

कुगा तेत्सुरोचा धंदा असा, की जी गाडी अजून कुणी पाहिलेली नाही तिचं चित्र काढायचं. रीतसर धंदा, चोरीमारी नव्हे. तोक्योतून निघणाऱ्या एका मोटारींच्या मासिकात 'येणारी गाडी' नावाचं सदर होतं. कंपन्यांनी पडद्याआड ठेवलेल्या गाड्या उद्या कशा दिसतील, नाक कसं असेल, दिवे कुठे सरकतील, बॉनेटखाली कुठलं इंजिन बसेल, हे सगळं त्यात छापलं जायचं. मजकूर संपादक सेकिनेसान लिहायचे आणि चित्र कुगाचं असायचं. स्टेशनवरच्या दुकानात उभ्याउभ्या मासिक चाळून न विकत घेताच परत ठेवणारे कितीतरी सभ्य गृहस्थ होते. त्या सगळ्यांना कुगाची चित्रं पाठ होती, आणि कुगाला त्या सगळ्यांचा मनापासून राग होता.

बाकीच्या गाड्या तो पोटासाठी काढायचा. जीव होता तो एकाच गाडीत. रिंदो. तोगाशी कंपनीची दोन दारांची, लांब बॉनेटची, मागून बसकी स्पोर्ट्‌स गाडी. आठ-नऊ वर्षांनी कधीतरी ती नव्यानं घडवली जायची, आणि मधल्या काळात तिचे चाहते नुसते अंदाजांवर जगायचे. सहा सिलिंडरचं इंजिन राहणार की जाणार, हाताचा गिअर ठेवणार की काढणार, यावरून चांगली शिकलेली माणसं एकमेकांशी बोलणं टाकायची. कुगानं अशा चार पिढ्यांच्या रिंदो जन्माआधी काढल्या होत्या. आणि त्या चारही प्रत्यक्षात ज्यानं घडवल्या तो होरिउची मासातो त्याचा मित्र होता.

कानाझावाच्या कलाशाळेत दोघांचे चित्रफळे शेजारी-शेजारी होते. एकानं रेघ मारली की दुसरा ती पुढे न्यायचा. शाळा संपल्यावर दोघांनीही तोगाशीत अर्ज केला. मुलाखत घेणाऱ्या म्हाताऱ्यानं दोघांच्या चित्रांचे गठ्ठे समोर ठेवून विचारलं, "दोन्ही सारखीच दिसतात. मग दोन माणसं कशाला घ्यायची?" आणि एकच घेतला. होरिउची कंपनीत गेला, कुगा मासिकात. म्हातारा तसा चुकीचं काही बोलला नव्हता. पण कुगाला ते वाक्य जन्मभर पुरलं.

एवढं होऊनही मैत्री टिकली, कारण त्यांनी एक नियम केला होता. वर्षअखेर जुनं वर्ष बुडवायला जे पिणं होतं, त्याला दोघं ओफुनाच्या एका छोट्या दुकानात भेटायचे. तिथे गाडीबद्दल अवाक्षर काढायचं नाही. ओदेनच्या रश्श्यात शिजलेला मुळा, होरिउचीचं म्हातारं कुत्रं, कुगाचे गुडघे, एवढंच बोलायचं. लोकांना हे खरं वाटलं नसतं. मला खरं वाटतं, कारण मी त्या दुकानात त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसलेलो आहे आणि मुळ्याबद्दल इतकं लांबण लावलेलं दुसरीकडे कुठेही ऐकलेलं नाही.

आता त्या सदरातली एक रीत सांगायला हवी, कारण घोळ तिच्यापायीच झाला. असं अंदाजाचं चित्र कधीही पूर्ण बरोबर काढायचं नाही. एखादी जागा मुद्दाम चुकवायची. आपल्याकडे तान्ह्या मुलाच्या गालाला तीट लावतात, तसं. मग खरी गाडी आली की कंपनीवाले हसून म्हणू शकतात, 'बघा, आरसा चुकला की तुमचा!' आणि आतल्या कुणा गरिबाची मान अडकत नाही. कुगाच्या घरात ही तीट त्याची बायको सानाए लावायची. ती निगाताच्या मासळीवाल्याची मुलगी, गाड्यांमधलं ओ की ठो कळत नव्हतं. चित्र झालं की कुगा ते जेवणाच्या टेबलावर ठेवायचा, ती हात पुसत यायची, बोट टेकवायची आणि म्हणायची, "इथे." कधी चाकावर, कधी दाराच्या मुठीवर. जिथे बोट पडेल तिथे कुगा मुकाट्यानं चुकायचा.

त्या शरद ऋतूत सानाए इस्पितळात होती. खुब्याचा सांधा बदलायचा होता. कुगा रोज बसनं जायचा, तिचे कपडे न्यायचा-आणायचा, येताना दुकानातून थंड नूडल्सचा डबा घेऊन यायचा आणि तो उभ्याउभ्याच खायचा, कारण बसलं की उठवत नसे. आणि नेमकं याच वेळी सेकिनेसानना नव्या रिंदोचं चित्र हवं होतं.

"कुगासान, या महिन्यात फक्त तोंड," सेकिनेसान फोनवर म्हणाले. "पाठ पुढच्या महिन्यात. सगळं एकदम दाखवलं तर पुढचा अंक कोण घेणार? माझी आजी?"

"तुमची आजी घेते का हा अंक?"

"पैसे न देता घेते. लवकर काढा."

कुगाची काम करायची पद्धत उलटी होती. बाकीचे आधी आकार काढायचे, हा आधी इंजिन ठरवायचा. सहा सिलिंडरचं जुनं इंजिन धुराच्या नव्या नियमांत बसणार नाही, हे उघड होतं. मग चार सिलिंडर आणि टर्बो. इंजिन आखूड झालं की बॉनेट आखूड करता येतं, पण होरिउची ते करणार नाही. तो इंजिन मागे, माणसांच्या गुडघ्यांपर्यंत ढकलेल आणि नाक लांबच ठेवील. टर्बोला हवा भरपूर लागते, म्हणजे तोंड मोठं हवं. होरिउचीला आ वासलेल्या गाड्यांचा तिटकारा. मग तो तोंडाचे दोन भाग करील, खालचा काळोखात लपवील आणि नजर वर राहावी म्हणून दिवे थोडे मागे ओढील. दिव्याच्या टोकापासून एक रेघ निघून दारापर्यंत जाता जाता विरेल. कुगा हे सगळं विचार करून काढत नव्हता. हात चालत होता, आणि तो इतका थकला होता की हाताला अडवायला मध्ये कुणी नव्हतं.

चित्र उत्तम झालं. सेकिनेसानच्या माणसानं ते नेलं. दुसऱ्या दिवशी इस्पितळाच्या बसमध्ये कुगाच्या लक्षात आलं, की या चित्रावर कुणाचं बोट पडलेलंच नाही. एक फोन केला असता तर चाललं असतं. पण थकलेल्या माणसाला चूक दिसते, उठून ती निस्तरायला जाववत नाही. जाऊ दे, एवढं कोण बघतंय, असं म्हणून तो खिडकीला डोकं टेकून झोपला.

अंक निघाला आणि हातोहात संपला. मग एका सकाळी सेकिनेसानचा फोन आला. आवाजात नेहमीची टवाळी नव्हती.

"कुगासान, खरं सांगा. ते तोंड तुम्हाला कुठे मिळालं?"

"कुठे म्हणजे? काढलं."

"तोगाशीत आग लागलीय. म्हणतात, रेघ न् रेघ तीच आहे. आतून कुणीतरी दाखवल्याशिवाय हे होणं नाही. आणि तुम्ही नि होरिउचीसान एका शाळेतले, दर वर्षी ओफुनाला बसता, हेही कुणीतरी चुगलीखोरानं कानावर घातलंय. होरिउचीसानना घरी बसवलंय. चौकशी चालू आहे."

होरिउचीची निवृत्ती पुढच्या वर्षाअखेर होती. ही रिंदो त्याची शेवटची. चोर ठरला असता तर चार पिढ्यांची सगळी कमाई पुसली गेली असती. निरोपाचा समारंभ नाही, गाडीशेजारी उभं राहणं नाही, मागे नाव काढणं नाही. कुगानं फोन खाली ठेवला. आपण एका माणसाच्या गळ्याला दोर लावला, तोही आळसापायी, असं त्याला वाटलं. आणि ते खरंच होतं.

त्यानं इस्पितळात जाऊन सानाएला सांगितलं. ती उशांना टेकून बसली होती.

"मग जा आणि सांग, की तुझं तू काढलंस," ती म्हणाली.

"कोण विश्वास ठेवील? ज्याचं पोटच अंदाजांवर, तो म्हणतोय अंदाज होता."

"तू गेला नाहीस तर मी ऐकून घेईन का? होरिउचीसाननी माझ्यासाठी सफरचंदं पाठवली. तुझ्या मासिकानं काय पाठवलं? अंक!"

"जातो म्हणालो ना."

"आणि रिकाम्या हातानं जाऊ नकोस. मिठाई ने. पण खोका मोठा नको, मोठा नेलास तर गुन्हा कबूल केल्यासारखं होईल. अगदी छोटाही नको, त्यांना वाटेल थट्टा करायला आलाय."

"मग केवढा?"

"मधला. आणि तो जाळीचा सदरा घालू नकोस."

कुगा मधल्या आकाराचा, योकानच्या वड्यांचा खोका घेऊन हिरात्सुकाला गेला. तोगाशीच्या फाटकावर त्याचा फोन काढून घेतला, गळ्यात पाहुण्याची पट्टी अडकवली आणि बिनखिडक्यांच्या खोलीत नेऊन बसवलं. समोर तिघंजण होते. प्रसिद्धी विभागाचे त्सुबोईसान, ज्यांचं हसू कपड्यांबरोबरच इस्त्री करून आल्यासारखं. कायद्याचं बघणाऱ्या एक बाई, ज्यांनी नाव सांगितलं आणि ते कुगाच्या लगेच डोक्यातून गेलं. आणि इंजिन विभागाचे एक जाडसर गृहस्थ, जे खोक्यावरचं दुकानाचं नाव वाचत होते. टेबलाच्या टोकाला होरिउची बसला होता. त्याचे केस एवढे पांढरे कधी झाले, हे कुगाला आठवेना. दोघांनी एकमेकांना परक्यासारखी मान लववली.

"माझी चूक झाली," कुगा म्हणाला आणि टेबलाला कपाळ लागेल इतका वाकला. "पण होरिउचीनं मला काहीही दाखवलेलं नाही. आम्ही गाड्यांवर बोलतच नाही."

"मग कशावर बोलता?" बाईंनी विचारलं.

"मुळ्यावर."

इंजिनवाले गृहस्थ फिसकन हसले आणि लगेच खोकले.

"कुगासान," त्सुबोईसान म्हणाले, "तुमच्याबद्दल आम्हाला आदरच आहे. पण तोंडाचे दोन भाग, मागे ओढलेले दिवे, दाराशी विरणारी रेघ. एखादी गोष्ट जुळली तर योगायोग म्हणता येईल. सगळंच जुळलं तर काय म्हणायचं?"

"मी याला शाळेपासून ओळखतो. याचा हात कसा वळतो ते मला माहीत आहे."

"हात." त्सुबोईसाननी तो शब्द संशयानं उच्चारला. मग टेबलावरचा कोरा कागद कुगासमोर सरकवला. "मागची बाजू तुम्ही अजून छापलेली नाही. अंदाजच असेल, तर आत्ता इथे काढून दाखवा."

कुगानं कागदाकडे पाहिलं. पाठ बरोबर आली, तर हे म्हणणार: बघा, याला सगळंच दाखवलेलं आहे. पाठ चुकली, तर म्हणणार: तोंड दाखवलं होतं, पाठ दाखवायची राहून गेली. मुद्दाम चुकावं का? पण किती? काय चुकलं म्हणजे होरिउची सुटेल? हा हिशेब त्याला जमेना. त्यानं होरिउचीकडे पाहिलं. होरिउची टेबलाकडे बघत होता.

"याहून मऊ पेन्सिल आहे का?" कुगानं विचारलं.

बाईंनी आपल्या पिशवीतून दिली. कुगा काढू लागला. आधी त्यानं नेहमीप्रमाणे मनात इंजिन ठेवलं. चार सिलिंडर, टर्बो, पुढे. मागे पेट्रोलची टाकी, दोन बॅगा मावतील एवढी जागा, बस. म्हणजे पाठ खाली आणता येईल. होरिउचीला तीच तर आवडायची, छपरावरून खाली उतरत आलेली, जमिनीला टेकायच्या जरा आधी थांबलेली पाठ. दिवे रुंद नकोत, छोटे, कडेला. आणि दिव्याखाली पत्रा किंचित आत घ्यायचा, म्हणजे चाकाचा फुगवटा आपोआप मोठा वाटतो. खोलीत फक्त पेन्सिलीचा आवाज होता.

त्यानं कागद पुढे केला. इंजिनवाले गृहस्थ त्यावर वाकले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची चिंता सर्रकन उतरली.

"अहो, पण मग ते ठेवायचं कुठे?" ते म्हणाले.

त्सुबोईसान जोरात खोकले. गृहस्थ गप्प झाले. पण कुगाच्या डोक्यात तेवढ्यानंच उजेड पडला. 'ते' म्हणजे बॅटरी. नुसता टर्बो नव्हता, बरोबर विजेची मोटरही होती, आणि तिची बॅटरी सीटांच्या मागे गेली होती. म्हणजे मागचा तळ वर, आणि तळ वर गेला की पाठही वर. खरी रिंदो मागून उंच आणि जाड होती. इंजिनातला सगळ्यांत मोठा बदल कुगाला कळलेलाच नव्हता.

त्सुबोईसान आणि बाई बाहेर जाऊन आले. आल्यावर त्सुबोईसानच्या हसण्याची इस्त्री मोडली होती आणि ते बरे माणूस दिसत होते.

"ज्यानं गाडी पाहिली आहे किंवा तिच्याबद्दल ऐकलं आहे, तो ही चूक करणंच शक्य नाही," ते म्हणाले. "होरिउचीसान, एकदा रीतीसाठी विचारतो. या चित्राचं आपल्या गाडीशी काही साम्य?"

होरिउचीनं कागद दोन्ही हातांनी उचलला. त्यानं तो आधी जवळ, मग लांब धरून बघितला. कुगाला वाटलं, चष्मा विसरला असेल.

"नाही," होरिउची म्हणाला. "आमच्या गाडीत असं काही नाही."

"झालं तर मग!" त्सुबोईसाननी तो कागद त्याच्या हातातून घेतला आणि भिंतीजवळच्या कुलपाच्या पेटीत, फटीतून आत सोडला. या इमारतीतला कागद बाहेर जात नसे. तिथल्या रद्दीचाही भुगा करायचे. "कुगासान, ही पाठ तुम्ही पुढच्या अंकात खुशाल छापा. आमची काही हरकत नाही. उलट बरंच आहे, बाकीच्या कंपन्यांची दिशाभूल होईल. फक्त गाडी बाहेर येईपर्यंत तुम्ही दोघं भेटू नका. यंदाचं वर्षअखेरचं पिणंही नको."

कुगाचा जीव भांड्यात पडला. होरिउची सुटला होता, आणि तो कुगाच्या चुकण्यामुळे सुटला होता. आयुष्यभर अचूकपणाची मिजास मिरवलेल्या माणसाला हे जरा लागलंही, पण त्यानं ते गिळलं. इंजिनवाले गृहस्थ एव्हाना योकानचा खोका उघडून बघत होते.

फाटकापर्यंत होरिउची सोडायला आला. त्सुबोईसान मागे चार पावलांवर होते, आणि भलेपणानं हातातलं टपाल बघितल्यासारखं करत होते. समुद्राकडून वारा येत होता. होरिउची घाईघाईनं आणि खालच्या आवाजात बोलला.

"दिव्याखाली पत्रा आत घेतलास. का?"

"तू घेतला असतास म्हणून."

"घेतला होता."

कुगा थांबला.

"चालत राहा, तो बघतोय," होरिउची म्हणाला. "मातीच्या नमुन्यावर केली होती मी ती पाठ. अख्खा उन्हाळा घालवला. हुबेहूब तीच, कुगा. वरच्यांना दाखवली. त्यांना आवडली, हेच तर वाईट. आवडली, आणि मग इंजिनवाल्यांनी नुसती मापं वाचून कळवलं, बॅटरी बसत नाही. एका सकाळी सगळी खरवडून काढली. फोटो काढायचा नसतो आमच्याकडे. नंतर नंतर मलाच आठवेना, ते वळण नेमकं कुठे थांबवलं होतं. रोज आठवायचो आणि रोज वेगळं यायचं. आज बघितलं."

"बघितलंस आणि नाही म्हणालास."

"मग काय हो म्हणू? वेडा आहेस का?"

फाटक जवळ आलं होतं. कुगाला भयंकर वाईट वाटत होतं, आणि त्याच वेळी, हे सांगायला हवं, आतून बरंही वाटत होतं.

"मी पुढच्या महिन्यात दुसरं काहीतरी काढतो," तो म्हणाला. "उंच, बोजड. म्हणजे तुझी खरी गाडी आली की तिला नावं ठेवणार नाहीत."

"नको. तीच काढ."

"अरे, ती छापली तर खरी बघून लोक तुझं नाव घेऊन बोंबलतील."

"बोंबलू देत. तुझ्या नावानं छाप, पण छाप. कुणीतरी बघू दे तिला, कुगा. मातीतली दाखवली त्या खोलीत सगळी मिळून मोजकीच माणसं होती."

त्सुबोईसान आता पुढे झाले. होरिउचीनं पाहुण्याला लववतात तशी मान लववली आणि आत निघून गेला.

कुगानं पाठ काढली. घरी, जेवणाच्या टेबलावर, लाल रंगात, संध्याकाळच्या उजेडात. सानाए तोपर्यंत काठी टेकत घरी आली होती, पण हे चित्र त्यानं तिच्यापुढे ठेवलं नाही. ती आली, लांबूनच बघून म्हणाली, "सुंदर आहे रे," आणि हात मागे घेऊन पुन्हा ओट्याकडे गेली. तिनं कुगाच्या कुठल्याही गाडीला सुंदर म्हटल्याची ही पहिलीच वेळ.

अंक निघाला आणि लोक वेडे झाले. पानं कापून भिंतींवर लावली. स्टेशनवरचे फुकटे वाचकसुद्धा अंक विकत घेऊन गेले. पत्रांमध्ये लोक लिहायचे, की तोगाशीनं ही एवढीच गाडी करावी, आणि नंतर वाटलं तर खुशाल बुडावं. सेकिनेसान फोनवर म्हणाले, "कुगासान, तुम्ही तोगाशीत असता तर!" हे वाक्य ऐकायला कुगा तरुणपणापासून कान टवकारून बसला होता. आता ते आलं, तर दुसऱ्याचा कोट चुकून अंगावर चढवल्यासारखं वाटलं. त्यानं "काम आहे" म्हणून फोन ठेवला. काम काहीच नव्हतं.

पुढच्या शरद ऋतूत मोटारींचं प्रदर्शन भरलं. कुगा एकटाच गेला. सभागृहाच्या दारापासूनच त्याचे पाय दुखत होते. तोगाशीच्या भागात नवी रिंदो फिरत्या चौथऱ्यावर ठेवली होती. चार सिलिंडर, टर्बो आणि विजेची मोटर. हाताचा गिअर शिल्लक होता. समोरून ती कुगानं काढलेलीच गाडी होती, लोक बोटं दाखवून तसं म्हणतही होते. मग चौथरा फिरला आणि पाठ आली, आणि गर्दीतून एक लांब आवाज निघाला. जिन्यावर वर जायचं असताना एक पायरी कमी निघाली की माणूस करतो तसा. पाठ उंच होती, कुरूप नव्हती. ज्याला बॅटरी सीटांमागे बसवायचीच आहे त्यानं शक्य तेवढं चांगलं केलं होतं, आणि हे कुगाला तिथल्या कुणाहीपेक्षा जास्त दिसत होतं.

चौथऱ्याशेजारी होरिउची उभा होता. काळा सूट, छातीवर नाव. या वर्षाअखेर तो निवृत्त होणार होता, आणि मानानं होणार होता. प्रदर्शनात भेटायला हरकत नव्हती, गाडी बाहेर आली होती. कुगा त्याच्याकडे निघाला.

पण त्याच्या आधी एक माणूस होरिउचीपाशी पोहोचला. चाळिशीचा, टापटीप. जुनी रिंदो जिवापाड जपणाऱ्यांपैकी असावा, कारण कोटावर तिचा बिल्ला होता. त्यानं पिशवीतून मासिकाचं पान काढलं. कुगाची लाल पाठ, प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपलेली.

"माफ करा हं, होरिउचीसान," तो अदबीनं म्हणाला. तो भांडायला आलेला नव्हता, त्याला खरंच दुःख झालेलं दिसत होतं. "मी तुमच्या सगळ्या गाड्या चालवल्यात. पण हे बघा. एका मासिकाच्या चित्रकारानं काढलंय हे. बाहेरच्या माणसानं. त्याला हे सुचलं, मग तुम्हाला का नाही सुचलं?"

कुगा जागच्या जागी थांबला. होरिउचीनं त्याला पाहिलं होतं, आणि मग नजर काढून घेतली. त्यानं ते पान दोन्ही हातांत घेतलं, प्लास्टिकवर दिव्याची चमक येत होती म्हणून जरा तिरपं धरलं, आणि दिव्याखालच्या त्या वळणापाशी त्याचा अंगठा थांबला. चौथरा फिरून पुन्हा गाडीचं तोंड समोर आलं.

"फार सुंदर आहे," होरिउची म्हणाला. मग त्यानं पान त्या माणसाला परत दिलं आणि कमरेत खाली वाकला. "क्षमा करा. आम्हाला हे जमलं नाही."